निवाऱ्यात देव कुठं ठेवायचे?

गेल्या अंकात कुटुंबांसाठीच्या तात्पुरत्या निवाऱ्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि बरीच पत्रं आली. मी सोलापुरात असाच एक छोटा निवारा चालवणाऱ्या संस्थेत काम करते. ज्यांचं घर हातचं गेलंय किंवा जायच्या बेतात आहे, अशी कुटुंबं आमच्याकडं काही महिने राहतात, सावरतात आणि पुन्हा स्वतःची भाड्याची खोली घेतात. पत्रांतली नावं काढली आहेत. पहिलं पत्र मात्र जवळजवळ पूर्ण देते.

ताई, नमस्कार. आम्ही नीलमनगरजवळ दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. मिस्टर मागावर होते. टॉवेलचा कारखाना दिवाळीपासून बंद आहे. मी घरी विड्या वळते. भाडं साडेतीन हजार, चार महिन्यांचं थकलंय, डिपॉझिट त्याच्या आधीच वळतं झालं. मालक म्हणतो, एक तारखेला खोली रिकामी करा, नाहीतर लाईट तोडतो. कागद काही केलेला नाही, वहीत सही घेऊन भाडं देतो. घरात सासूबाई आहेत, त्यांना शुगर आहे. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. दीर म्हणतात, आईला आणि मुलांना आमच्याकडं अक्कलकोटला पाठवा, भावानं कुठल्या तरी कारखान्यात झोपावं, वहिनींनी बार्शीला माहेरी जावं, दोन-चार महिन्यांत जमेल. शेजारणीनं तुमच्या निवाऱ्याचं सांगितलं. पण तिथं बायका एकीकडं नि पुरुष एकीकडं असतात म्हणे. खरं का? आणि आमचे देव आहेत, ते कुठं ठेवायचे?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. आमच्या दारात आलेलं प्रत्येक कुटुंब तो विचारतं, फक्त जरा उशिरा आणि संकोचून. प्रत्येक खोलीत दारासमोरच्या भिंतीला एक फळी ठोकलेली आहे, ती देवांची. सुरुवातीला ती नव्हती. तेव्हा बायका देव नव्या साडीत गुंडाळून कपड्यांच्या पेटीत ठेवायच्या. मग त्या पेटीला पाय लागायला नको, तिच्यावर कुणी बसायला नको, अडचणीच्या दिवसांत तिला हात लावायला नको. आणि पोरांचे गणवेश नेमके त्याच पेटीत! फळी आली आणि हा घोळ मिटला. आता कुणाच्या फळीवर मार्कंडेय असतो, कुणाच्या मल्लिकार्जुन, शेजारच्या खोलीत रेहालीवर कुराण असतं. दिवा लावता येतो, बाहेर जाताना तेवढा शांत करून जायचं.

आता मालकाचं. ‘एक तारखेला रिकामी करा’ असं तोंडी सांगितल्यानं घर सुटत नाही. कागद नाही म्हणून तुम्ही घाबरलात, पण त्यात अडचण मालकाची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करणं ही घरमालकाची जबाबदारी. तो केलेला नसेल, तर खोली कोणत्या अटींवर घेतली याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. भाडं थकलं म्हणून भाडेकरूवर दावा लावायचा तर कलम १५ प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं. बाहेर काढायचा हुकूम कोर्टच देऊ शकतं. लाईट-पाणी तोडायला कलम २९ ची मनाई आहे. तुमची ती सहीची वही जपा. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून भावाला, बहिणीला, कुणाला तरी पाठवून ठेवा.

हे सगळं खरं असलं तरी त्या जोरावर वर्षभर भांडत बसा असं मी सांगणार नाही. मालकाकडून तीन महिन्यांची मुदत लेखी घ्या आणि थकलेले चौदा हजार हप्त्यानं द्यायचं लिहून द्या. नीलमनगरकडच्या अशा कितीतरी मालकांचं घर त्या दोन खोल्यांच्या भाड्यावरच चालतं, हेही लक्षात घ्या. बोलणीला आमच्यातलं कुणीतरी तुमच्यासोबत येईल. बाहेरचं माणूस बसलं की दोन्हीकडचे आवाज जरा खाली येतात.

एवढं करूनही खोली सोडावीच लागली, तर दिरांचं मात्र ऐकू नका. ते प्रेमानंच सांगतायत, मला मान्य आहे. पण अशा पांगापांगीत काय होतं ते मी पाहत आले आहे. तुम्ही बार्शीला गेलात की तुमची विडीची ब्रँच, म्हणजे कंपनीचं पान-तंबाखू देऊन विड्या घेणारं केंद्र, सुटते. पान-तंबाखू मिळणं बंद, कार्डावरची नोंद बंद, प्रॉव्हिडंट फंडाचे दिवस तुटतात. म्हणजे घरात सध्या येणारी एकमेव मजुरी तुम्ही स्वतःहून बंद केली. मिस्टर कारखान्यात झोपले तर खानावळ, चहा आणि तंबाखूचा मावा यांत मिळेल तो आठवड्याचा पगार आठवड्यातच संपतो. बचत होणार कशी? आठवीतली मुलगी काकाकडं गेली की पहिल्या महिन्यात पाहुणी असते, दुसऱ्या महिन्यात भांडी तिच्याकडं येतात. काकू वाईट नसते, घरात हात लागतातच. नववीला ती मुलगी सोलापूरच्या शाळेत परत येईल याची खात्री मी देणार नाही. सासूबाईंच्या गोळ्या कुठून आणायच्या, हा आणखी एक घोर. जी कुटुंबं आधी पांगतात आणि मग आमच्याकडं येतात, त्यांना पुन्हा एकत्र आणण्यातच त्यांची निम्मी मुदत जाते. म्हणून म्हणते, खोली सुटायच्या आधी या. अजून सगळे एका ताटात जेवताय तोवर या.

बायका-पुरुष वेगळे असण्याबद्दल तुम्ही ऐकलं ते बऱ्याच ठिकाणी खरं आहे. रात्रनिवारे मुळात एकट्या माणसाचा विचार करून उभे राहिले: एक दालन पुरुषांचं, एक बायकांचं, पोरं आईबरोबर. नवरा-बायको, आजी आणि दोन पोरं असं पाच जणांचं घर त्यात बसत नाही. आमच्याकडं म्हणूनच दालन नाही, खोल्या आहेत. एका कुटुंबाला एक खोली, आतून कडी आणि कुलूप-किल्ली तुमच्याकडं. स्वयंपाकघर सामाईक आहे. गॅसची शेगडी ज्याची त्याची. भांडणं होतात ती बहुतेक तिथंच, आणि पाण्यावरून. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं हे सोलापूरकराला सांगायला नको. पिंपांवर खोलीचे नंबर घातलेत.

खोलीत विडी वळायला मात्र परवानगी नाही. तंबाखूची धूळ पोरांच्या अंथरुणात जाते, रात्रभर खोकतात. मागच्या व्हरांड्यात पत्रा टाकून जागा केली आहे. सूप मांडीवर घेऊन चार-पाच जणी तिथं बसतात, भिजवलेल्या पानांची गोणपाटातली गाठोडी भिंतीकडेला असतात. नव्या बाईला पहिले दोन दिवस तिथं बसायला नको वाटतं, तिसऱ्या दिवशी ती उठायला तयार नसते. कुठल्या गल्लीत खोली रिकामी आहे, कुठला मालक बरा आहे, याची खरी माहिती त्या व्हरांड्यातच मिळते. आमच्या ऑफिसातल्या रजिस्टरपेक्षा ती जास्त ताजी असते.

राहण्याचे पैसे घेत नाही, पण बचत सक्तीची आहे. तुमच्या नावावरचं खातं, पासबुक तुमच्याच ट्रंकेत. आम्ही फक्त महिन्यातून एकदा ते पाहतो. तुमचा हिशेब मी इथंच मांडून दाखवते. नव्या खोलीचं डिपॉझिट पंधरा हजार धरा, पहिल्या महिन्याचं भाडं साडेतीन, झाले साडेअठरा हजार. वाचलेलं भाडं साडेतीन हजार आणि लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळत असतील तर ते, असे महिन्याला पाच हजार बाजूला पडले तर चार महिन्यांच्या आतच रक्कम उभी राहते. मिस्टरांना दुसऱ्या मागावर बदलीचं काम जरी मिळालं तरी जुन्या मालकाचा हप्ता त्यातून निघेल. आमची मुदत तीन महिन्यांची, आणि बचत व काम चालू असेल तर आणखी तीन. त्यापुढं ठेवत नाही. निवाऱ्यात माणूस फार काळ राहिला की त्याचा निर्णय घ्यायचा हात आखडतो, असं माझं मत आहे; संस्थेतल्या काही जणांना ते पटत नाही.

मुलांची शाळा आहे तीच राहू द्या. सकाळी सोडायला रिक्षा लावलेली आहे. रेशन आता आधारच्या अंगठ्यावर कुठल्याही दुकानात मिळतं, तेव्हा कार्डावरच्या जुन्या पत्त्याची काळजी नको. येताना रेशनकार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, विडीचं कार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि सासूबाईंची औषधाची चिठ्ठी एका पिशवीत आणा. कपाट, कॉट, फ्रीज आणू नका. जागा नाही. एक पेटी, अंथरुणं, भांडी आणि देव.

लोकांच्या करातून फुकट राहायची सोय केली की माणसं आळशी होतात. तुम्ही नेमकं तेच करताय. (निवृत्त अधिकारी, विजापूर रोड)

काही होतात, खोटं कशाला सांगू. त्यांना मुदतीआधीच जायला सांगायची वेळ आमच्यावर येते आणि ते काम मलाच करावं लागतं. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, रात्री दहाला फाटक बंद, दारू बंद, पाहुणा मुक्कामाला बंद, महिन्याला कुणीतरी पासबुक तपासणार, असल्या ठिकाणी मजेनं राहायला कोण येतं?

आणि ही कुणाची मेहेरबानी नाही. २०१० साली अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शहरांना बेघरांसाठी निवारे उभारायला सांगितलं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं मापच घालून दिलं: दर एक लाख लोकसंख्येमागं किमान १०० माणसांची, बारा महिने चोवीस तास चालणारी सोय, माणशी किमान ५० चौरस फूट जागा. सोलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९,५१,५५८ होती. म्हणजे त्या मापानं नऊशेहून जास्त माणसांची सोय हवी. देशभरात त्याच जनगणनेत सुमारे १७.७ लाख लोक बेघर मोजले गेले. त्यात भाडं थकून नातेवाइकांच्या व्हरांड्यात झोपणारं कुटुंब धरलेलं नाही, कारण ते कुणाच्या तरी घरात आहे. आमच्याकडं येतात ती बहुतेक तीच माणसं.

आमच्या दोन शेळ्या आहेत. निवाऱ्यात आणल्या तर चालतील का? (कुमठा नाका)

नाही चालणार. पण विकूही नका. घर सोडायच्या घाईत शेळी निम्म्या किमतीला जाते, आणि घेणाऱ्याला ते चांगलं ठाऊक असतं. नात्यातल्या कुणाला अर्धलीनं, म्हणजे करडं वाटून घ्यायच्या बोलीवर सांभाळायला द्या, किती करडांवर काय ठरलं ते लिहून ठेवा. तुमच्या नव्या खोलीचं डिपॉझिट कदाचित त्यातूनच निघेल.

नवरा मारतो. महिलांच्या आधारगृहात गेले होते, पण मुलगा चौदा वर्षांचा आहे म्हणून त्याला घेता येणार नाही म्हणाले. त्याला सोडून मी जाणार नाही. म्हणून परत घरी आले.

ताई, आधी हे: पुन्हा हात उचलला तर ११२ किंवा १८१ ला फोन करा, रात्री-बेरात्री केव्हाही. तुमची मुलाला न सोडण्याची गोष्ट मला पूर्ण पटते.

सखी केंद्रात, म्हणजे छळ सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, साधारण पाच दिवसांपर्यंत राहता येतं, त्यापुढं शक्ती सदन हे आधारगृह. तिथं आईबरोबर मुलगी कोणत्याही वयाची चालते, मुलगा मात्र बारा वर्षांपर्यंतच. तिथल्या इतर मुली-बायकांसाठी हा नियम केला आहे, हे कळतं. पण चौदा वर्षांचं पोर, ज्यानं आईला वाचवताना स्वतः मार खाल्लाय, त्याला बालगृहाचा रस्ता दाखवायचा, हे माझ्या गळी कधी उतरलं नाही. कुटुंबाला खोली देणाऱ्या निवाऱ्यात तो तुमच्यासोबत राहू शकतो. आमच्याकडं अशी आई-मुलगा जोडी राहून गेली आहे. आमचा पत्ता याच कारणासाठी आम्ही कुठं छापत नाही, म्हणून तो या सदरातही नाही. मासिकाच्या कार्यालयात फोन करा, तिथून थेट माझ्याशी जोडून देतील.

घर तुम्हीच सोडायला हवं असंही नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १७ प्रमाणे ज्या घरात तुम्ही संसार केला तिथं राहायचा तुम्हाला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतात, किंवा तुमच्यासाठी तशाच दुसऱ्या जागेची सोय करायला, तिचं भाडं द्यायला लावू शकतात. अर्ज याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत मिळावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली निघावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागायचा. वकील फुकट मिळतो: १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईच्या उत्पन्नाची अट ठेवलेली नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन १५१००. तोपर्यंत कागदांची एक पिशवी शेजारी किंवा मुलाच्या मित्राच्या घरी ठेवून द्या. आणि ज्या मोबाईलवरून मला लिहिलंत तो नवऱ्याच्या हाती पडत असेल तर मेसेज पुसून टाका.

कुंभारीच्या रे नगरमध्ये आमचं घर मंजूर आहे. इकडं भाडं, तिकडं बँकेचा हप्ता. दोन्ही झेपेना. आम्हाला निवाऱ्यात घ्याल का? (साखर पेठ)

घेऊ. तुमच्यासारखं कुटुंब आम्हाला सोपं जातं, कारण कुठं जायचं ते ठरलेलं असतं, मधले महिनेच काढायचे असतात. २००६ मध्ये त्याच कुंभारीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत झाली. पुढं तीस हजार घरांचं रे नगर आलं आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. आपल्या शहरातल्या माग, विडी नि कचरावेचक माणसांनी पै-पै घालून हे उभं केलं आहे, तेव्हा हप्ता थकवू नका. भाड्यापेक्षा तो आधी. मंजुरीचं पत्र आणि भरलेल्या पावत्या घेऊन या. ताबा लवकर मिळवून देतो म्हणणारा कुणी मधला माणूस भेटला तर त्याला एक रुपया देऊ नका.

तिकडं गेल्यावर मुलांना जवळच्या शाळेत घालायचं असेल तर दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. मुख्याध्यापक कुरकुरले तर नम्रपणे तेवढं म्हणा.

तुमच्या संस्थेचे लोक येऊन निवाऱ्यातल्या कुटुंबाला खोली द्या म्हणतात. भाडं बुडवलं तर? एकदा आत आले की उठत नाहीत. (घरमालक, जोडबसवण्णा चौक परिसर)

तुमची भीती रास्त आहे. तिच्यावरचा इलाज वहीतली सही नव्हे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा आणि तो नोंदवा. आता ऑनलाईनही होतो. नोंदवलेला करार असेल तर मुदत संपल्यावर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाऊन खोली परत मिळवता येते, आणि तरीही न उठणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम लागू शकते. खर्च वाचवायला करार नोंदवला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि ते मालकाला. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची, तेही विसरू नका.

आम्ही भाड्याची हमी घेत नाही, स्पष्ट सांगते. आमची तेवढी ऐपत नाही. पण खोलीत गेल्यावर पहिले सहा महिने आमची कार्यकर्ती त्या घरी जाते, आणि भाडं पाच तारखेला आलं नाही तर सहा तारखेला आम्हाला फोन करा. चार महिने थकू देऊन मग ओरडण्यात तुमचंही नुकसान, त्यांचंही. डिपॉझिट एकदम मागण्याऐवजी अर्धं आता आणि अर्धं चार हप्त्यांत घेतलंत तर चांगली माणसं मिळतील. ज्यांनी निवाऱ्यात राहून पासबुकात पैसे साठवले त्यांना हप्ता पाळायची सवय लागलेली असते.

खोली कितव्या मजल्यावर आहे, पाणी किती दिवसांनी येतं आणि साठवायला टाकी आहे का, एवढं कळवा. तळमजल्याची असेल तर याच आठवड्यात कळवा. मुदत संपत आलेलं एक कुटुंब शोधात आहे, आणि त्यांच्यातल्या दोघांना जिना चढवत नाही.